कधीच न जन्मलेल्या १,६३५ बायका

आपाची फाइल अजून माझ्याकडेच आहे. दुल्हाभाईंनी ती परत मागितली नाही आणि मीही दिली नाही. जाड निळ्या पुठ्ठ्याची, दोऱ्यानं बांधलेली. आत स्कॅन आहेत, रक्ताचे रिपोर्ट आहेत, बिलं आहेत. मधोमध एक पान आहे. त्यावर खालच्या बाजूला लिहिलंय : सीपीएस ८.

२०२३च्या उन्हाळ्यात हा आकडा आमच्या घरात आला आणि त्यानं एक प्रश्न मिटवून टाकला. निदान तेव्हा आम्हाला तसं वाटलं.

आपाला पहिल्यांदा गाठ लागली ती २०२१ मध्ये. ट्रिपल निगेटिव्ह. स्तनाच्या कर्करोगावर जी नेमकी औषधं असतात, ती पेशींवरच्या तीन खुणा धरून काम करतात. दोन खुणा हार्मोनच्या आणि तिसरी हर-टू नावाच्या प्रथिनाची. आपाच्या गाठीत तिन्ही नव्हत्या. म्हणून ट्रिपल निगेटिव्ह. हे नाव ऐकून अम्मी म्हणाली होती, "निगेटिव्ह आहे ना, मग बरंच आहे की!" तिला समजावून सांगायला मला दोन दिवस लागले. ऑपरेशन झालं, किमो झाली, रेडिएशन झालं. आपा पुन्हा शाळेत शिकवायला जाऊ लागली. दोन वर्षांनी खोकला सुरू झाला आणि थांबेना. स्कॅनमध्ये फुप्फुसात आणि यकृतात ठिपके दिसले.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं, "ताई, किमो तर देऊच. तिच्या जोडीला एक इम्युनोथेरपीचं औषध आहे. पण ते सगळ्यांना लागू पडत नाही. एक तपासणी करू. आकडा १० किंवा त्याच्या वर आला, तर विचार करता येईल." मग त्यांनी किंमत सांगितली. एका डोसला लाखाच्या वर, दर तीन आठवड्यांनी एक, आणि किती काळ ते सांगता येत नाही.

त्या रात्री भाई म्हणाला, "अब्बांचं घर विकू." मिरजेतलं ते घर अब्बांनी शिक्षकाच्या पगारात बांधलं होतं. अम्मी तिथेच राहते. भाई बोलला ते मनापासून बोलला, यात शंका नाही. आठवडाभर घरात कोणी नीट झोपलं नाही. ग्राहक कोण, भाव काय, अम्मी कुठे राहील, अशी बोलणी दबक्या आवाजात चालायची. आपा आली की बंद व्हायची.

मग रिपोर्ट आला. ८.

आम्ही तिघं डॉक्टरांच्या खोलीत होतो. डॉक्टर म्हणाले, "दहाच्या खाली आहे. आपण किमोच चालू ठेवू." भाईच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं ते मी ओळखलं, कारण तेच माझ्याही चेहऱ्यावर असणार. सुटका. आता ठरवायला नको. आकड्यानं ठरवलं. बाहेर आल्यावर आपानं आमच्या दोघांकडे पाहिलं, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "चला, घर वाचलं."

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. बावीस वर्षं मुलांना सांगत आलेय की, कुठलीही सीमारेषा माणसानंच आखलेली असते, ती कुणी आणि कशासाठी आखली ते आधी विचारा. त्या खोलीत मी एकही प्रश्न विचारला नाही.

२०२४च्या शाबान महिन्यात आपा गेली. रमजान तोंडावर आला होता. प्रश्न मी त्यानंतर विचारायला लागले. ज्याला विचारायचे ते कुणी समोर नव्हतं, म्हणून वाचायला लागले.

आधी औषध काय करतं ते पाहिलं. आपल्या शरीरात टी पेशी नावाचे पहारेकरी असतात. त्यांनी चवताळून आपल्याच शरीरावर तुटून पडू नये म्हणून त्यांच्यावर एक ब्रेक असतो, पीडी-१. क्योटोमधल्या तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत तो १९९२ मध्ये सापडला. कर्करोगाच्या पेशी लबाड. त्या आपल्या अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन मिरवतात. पहारेकरी जवळ आला की हे प्रथिन त्याचा ब्रेक दाबतं आणि तो थंड पडतो. पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध मध्ये जाऊन बसतं आणि ब्रेक दाबू देत नाही. कर्करोगाला ते थेट मारत नाही, पहारेकऱ्याला मोकळं करतं. अशाच दुसऱ्या एका ब्रेकवर काम करणारे जेम्स अ‍ॅलिसन आणि होन्जो, दोघांना मिळून २०१८चं नोबेल मिळालं.

म्हणजे पहारेकरी मुळात तिथे असले, तरच त्यांना मोकळं करण्यात अर्थ. त्वचेच्या मेलॅनोमा कर्करोगात ते बऱ्याचदा गर्दीनं असतात. स्तनाच्या कर्करोगात सहसा कमी. त्यातल्या त्यात ट्रिपल निगेटिव्हमध्ये जास्त. म्हणूनच ज्या आपांकडे दुसरं नेमकं औषध नाही, त्यांच्यासाठी हा दरवाजा थोडा किलकिला झाला.

आता सीपीएस. गाठीच्या तुकड्याचा पातळ काप रंगवतात. ज्या पेशींवर पीडी-एल१ दिसतं त्या मोजायच्या, कर्करोगाच्याही आणि प्रतिकारशक्तीच्याही. त्यांना कर्करोगाच्या एकूण जिवंत पेशींनी भागायचं आणि १००नं गुणायचं. झाला स्कोअर. कीनोट-३५५ या चाचणीत ८४७ रुग्ण होते, पैकी ३२३ जणींचा स्कोअर १० किंवा जास्त होता. या गटात नुसत्या किमोवर मध्यम आयुर्मान १६.१ महिने होतं, किमोबरोबर पेम्ब्रोलिझुमॅब दिल्यावर २३ महिने. स्कोअर १ किंवा जास्त असलेल्या मोठ्या गटात हेच आकडे १६ आणि १७.६ होते आणि तो फरक ठरवलेल्या निकषावर उतरला नाही. यावरून दहाची रेघ पक्की झाली.

रेघ खोटी नाही. तिच्यामागे शेकडो बायकांचं आयुष्य आहे. पण ८ आणि १० यांच्यामध्ये निसर्गानं कुठलीही भिंत घातलेली नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. शिवाय दुसरं एक औषध होतं, अ‍ॅटिझोलिझुमॅब. त्याची पट्टी वेगळी, रंगवायचं रसायन वेगळं आणि मोजायच्या त्या फक्त प्रतिकारशक्तीच्या पेशी. त्याला अमेरिकेत २०१९ मध्ये तात्पुरती मान्यता मिळाली. पुढच्या चाचणीत फायदा दिसला नाही, म्हणून २०२१ मध्ये कंपनीनं या आजारासाठीची ती मान्यता मागे घेतली. एकाच आजाराला दोन पट्ट्या, आणि एकीवर पास होणारी बाई दुसरीवर नापास होऊ शकते.

आणखी एक गोष्ट मी फाइलमध्येच पाहिली, तीही उशिरा. आपाचा तो ८ काढला होता २०२१च्या ऑपरेशनमध्ये निघालेल्या गाठीवरून. दवाखान्यानं मेणात जपून ठेवलेला तुकडा. २०२३ मध्ये आजार होता फुप्फुसात आणि यकृतात. दोन वर्षांपूर्वीच्या, शरीरातून काढून टाकलेल्या गाठीला आम्ही विचारलं की, यकृतातल्या गाठीचं काय करायचं! अशी तपासणी सर्रास होते, यात कुणाची चूक म्हणता येणार नाही. यकृतात सुई घालून नवा तुकडा काढायला वेळ लागतो, धोकाही असतो. पण मी तारीखसुद्धा वाचली नव्हती.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत एक नवा शोधनिबंध वाचनात आला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अलेक्झांडर पोपेल यांची प्रयोगशाळा आहे. तिथे माणसांवर किंवा उंदरांवर प्रयोग न करता कॉम्प्युटरवर शरीर उभं करतात. म्हणजे चित्र नव्हे, समीकरणं. एक कप्पा रक्ताचा, एक लसिकाग्रंथींचा, एक मूळ गाठीचा, आणखी कप्पे पसरलेल्या गाठींचे. लसिकाग्रंथीत टी पेशी किती वेगानं तयार होतात, त्यातल्या किती गाठीपर्यंत पोचतात, कर्करोगाच्या पेशी किती वेगानं वाढतात, औषध रक्तातून किती दिवसांत निघून जातं, या प्रत्येकाचं एक समीकरण. सगळी एकमेकांत गुंतलेली. एक बदललं की सगळी हलतात.

मग या समीकरणांतले आकडे बदलत जायचे. एका संचात पेशी भराभर वाढतात, दुसऱ्यात हळू. एकीत पहारेकरी भरपूर, दुसरीत विरळ. प्रत्येक संच म्हणजे एक बाई. खऱ्या रुग्णांच्या जनुकीय नोंदींशी ज्यांचा मेळ बसत नाही, अशा काढून टाकायच्या. उरलेल्यांना औषध द्यायचं आणि समीकरणं पुढे चालवून काय होतं ते पाहायचं.

अशा १,६३५ बायका त्यांनी तयार केल्या. सगळ्यांना पसरलेला ट्रिपल निगेटिव्ह कर्करोग. सगळ्यांना पेम्ब्रोलिझुमॅब.

हे वाचताना मला पहिल्यांदा राग आला. एवढ्या बायका रोज मरतात. जागतिक अंदाजानुसार भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण निघाले आणि सुमारे ९८ हजार जणी गेल्या. त्यांना सोडून या लोकांनी खोट्या बायका का बनवाव्यात? मग लक्षात आलं. खऱ्या बाईला एकदाच औषध देता येतं. देऊन पाहिलं आणि न देऊन पाहिलं, असं तिच्यावर करता येत नाही. तिच्या यकृतातून दर आठवड्याला तुकडा काढता येत नाही. या बायकांच्या बाबतीत ते येतं. त्यांना दुखत नाही, त्यांचं घर विकावं लागत नाही आणि त्यांच्या मागे मुलं नसतात.

त्यांनी या बायकांना विचारलं ते मी विचारायला हवं होतं तेच : कोणाला लागू पडेल, हे कशावरून आणि कधी कळेल? २०२४ मध्ये पीएनएएस या नियतकालिकात उत्तर छापून आलं. औषध सुरू करण्याआधी पाहिलेल्या खुणांपेक्षा ते सुरू झाल्यावर पाहिलेल्या खुणा जास्त खरं बोलतात. पीडी-एल१ आणि गाठीत शिरलेल्या लढाऊ पेशी यांचं मोजमाप मात्र उपचार सुरू होण्याआधीच्या तुकड्यात जास्त उपयोगी पडतं. आणि तुकडाही नको असेल, तर दोन आठवड्यांनी स्कॅनवर गाठीचा व्यास किती बदलला ते बघा. त्या बदलावरून निवड केली, तर औषधाला प्रतिसाद देणाऱ्यांचं प्रमाण ११ टक्क्यांवरून २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं.

दोन आठवडे. म्हणजे एक डोस.

एका डोससाठी अब्बांचं घर विकावं लागलं नसतं. आपाच्या बांगड्या होत्या, माझा भविष्यनिर्वाह निधी होता. एक डोस आम्ही देऊ शकलो असतो. मग पाहिलं असतं.

हे वाक्य मी लिहिलं आणि मीच त्याच्यावर लाल शाई फिरवते, कारण हे मी वर्गात कुणाला लिहू देणार नाही. त्या बायकांना नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब दिलं होतं, आपाला ते किमोबरोबर मिळालं असतं. किमोनं गाठ आक्रसली तर श्रेय कुणाचं, ते दोन आठवड्यांत कसं सांगणार? काही वेळा इम्युनोथेरपीत पेशींची गर्दी होऊन गाठ आधी सुजते आणि मग उतरते. सगळ्यात महत्त्वाचं, हे गणितातलं उत्तर आहे. खऱ्या माणसांवरच्या चाचणीत ते टिकतं का हे पाहिल्याशिवाय त्यावरून उपचार ठरवू नयेत. आणि टिकलं तरी २५ टक्के म्हणजे चारांतल्या तिघींना नाहीच.

आणखी एक प्रश्न मला सोडत नाही. त्या १,६३५ जणींत आपासारखी कुणी होती का? अशा मॉडेलांना खऱ्या रुग्णांच्या जनुकीय नोंदी लागतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या मोठ्या नोंदसंग्रहांत, उदाहरणार्थ अमेरिकेच्या टीसीजीएमध्ये, बहुसंख्य गोऱ्या बायका आहेत. भारतातल्या अभ्यासांची एकत्रित बेरीज २०१६ मध्ये छापली गेली, तिच्यात आपल्याकडच्या स्तनाच्या कर्करोगात ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण ३१ टक्के निघालं. पाश्चात्त्य देशांत ते साधारण त्याच्या निम्मं आहे. म्हणजे आजार आपल्याकडे जास्त आणि नोंदी तिकडे जास्त. ज्यांची मोजदाद होत नाही त्यांचं काय होतं, हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको. इथे फरक एवढाच की, मोजदाद झाली नाही तर औषधाचा हिशेबही तुमच्या मापाचा होत नाही.

हिशेबावरून अब्बा आठवतात. उर्दू शाळेतून निवृत्त झाल्यावर मोहल्ल्यातले लोक त्यांच्याकडे वाटणीचे हिशेब घेऊन यायचे. कुणी वारलं की, बायकोला किती, आईला किती, मुलामुलींना किती. अब्बा पाठकोऱ्या कागदावर अपूर्णांक मांडायचे. मी शेजारी बसून छेद काढायचे. माझी अपूर्णांकांशी दोस्ती तिथे झाली. एकदा मी म्हटलं, "अब्बा, माणूस गेला त्या आठवड्यात गणित करणं वाईट नाही का वाटत?" ते म्हणाले, हिशेब केला नाही तर जो दुबळा त्याचं जातं. बीजगणितावर नवव्या शतकात पुस्तक लिहिणाऱ्या अल-ख्वारिज्मींनी त्यातला मोठा भाग वारसाहक्काच्या उदाहरणांना दिला होता, हे मला पुढे एमएस्सीला कळलं. त्यांच्याच नावावरून अल्गोरिदम हा शब्द आला. म्हणजे मृत्यू समोर ठेवून केलेलं गणित हे आमच्या घरात नवं नाही.

आपा गेल्यावर तिच्या दागिन्यांचा हिशेब मी केला. अब्बा नव्हते. एकूण ३६ भाग. दुल्हाभाईंना ९, अम्मीला ६, भाच्याला १४, भाचीला ७. मुलीला मुलाच्या निम्मं का, यावर आमच्या घरातही वाद झाला आणि भाच्यानं आपल्यातलं बहिणीला दिलं, ती गोष्ट वेगळी. छेद बरोबर होता, बेरीज ३६ येत होती. तो हिशेब पक्का होता, कारण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आपा जिवंत असतानाचा हिशेब तसा पक्का असू शकत नव्हता, आणि मला मात्र तो तसाच पक्का हवा होता. म्हणून तो ८ मला इतका आवडला.

अम्मी म्हणते, "जेवढं लिहिलं होतं तेवढं जगली." मी तिच्याशी वाद घालत नाही. तिचं दुःख त्या वाक्यावर उभं आहे. मीही तकदीर मानते. पण कुठे किती लिहिलंय, हे मला दिसत नाही. आणि जे मला दिसत नाही ते दिसल्यासारखं धरून, एका आकड्याच्या आड मी उभी राहिले होते. सगळं आधीच ठरलंय, हे मानणं तेव्हा माझ्या सोयीचं होतं. दोन आठवड्यांनी पुन्हा बघा, हे ऐकणं जड असतं. त्यात आशा दोन आठवडे जागी ठेवावी लागते आणि पैसेही.

पैशांच्या बाजूनंही काही हलतंय. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. पीडी-१वरच्याच निव्होलुमॅब या औषधाचा डोस त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम ठेवला. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो. २०२३ मध्ये निकाल छापून आला. वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण या छोट्या डोसनं १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं होतं. स्तनाच्या कर्करोगाला हे जसंच्या तसं लागू होत नाही. पण कितीनं भागेल, हा प्रश्न गरिबांच्या दवाखान्यातून विचारला गेला. कॉम्प्युटरवरच्या बायकांना तो आधी विचारून पाहता येईल. फक्त त्यातल्या काही बायका इथल्या असायला हव्यात, आणि त्यासाठी इथल्या खऱ्या बायकांच्या गाठींची नोंद व्हायला हवी.

आपाचा मेणातला तुकडा अजून त्या दवाखान्यात असेल. मध्यंतरी मी दुल्हाभाईंना विचारलं, संशोधनासाठी कुणी मागितला तर देऊ या का? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती?" मी म्हटलं, "ती शिक्षिका होती." ते म्हणाले, "मग दे."

गेल्या महिन्यात गल्लीतली एक मुलगी आपल्या आईचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आली. मी डॉक्टर नाही, हे तिला आधी सांगितलं. रिपोर्टवर आकडा होता. तिनं विचारलं, "मॅडम, हा चांगला आहे की वाईट?" मी तिच्या वहीत दोन प्रश्न लिहून दिले. हा तुकडा कुठला आणि कोणत्या तारखेचा? आणि उपचार सुरू केल्यावर पुन्हा कधी पाहणार? म्हटलं, खोलीत गेल्यावर सुचत नाही, वाचून विचार. तिनं वहीचं पान फाडलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि आईला रिक्षात बसवायला गेली.